भिंत बांधायची, पण गाइड कुठलं?

या वेळी आपल्या संगणककट्ट्यावर आधी एक पत्र वाचूया. कोकणातल्या एका शाळेत नववीत शिकणाऱ्या आपल्या मैत्रिणीचं हे पत्र. पत्र कसलं, पाकीटच! आत चार पानं स्वतःच्या अक्षरातली आणि सोबत तीन गाइडांच्या छापील प्रती. ती लिहिते :

"काका, आमच्या शाळेत दहा संगणकांची लॅब आहे. शेजारीच ऑफिस. ऑफिसच्या संगणकावर सगळ्या मुलांचे गुण, घरचे पत्ते, आईबाबांचे फोन नंबर असतात. लॅबमधून कुणी त्यात डोकावू नये म्हणून सरांनी मला एक जुना संगणक दिला आणि म्हणाले, 'या दोन्हींच्या मधे फायरवॉल बांध बघू!' मी तीन गाइडं मिळवली, पण तिघांचं एकमेकांशी पटत नाही. एकात 'सगळं बंद' ही ओळ सर्वांत वर आहे, तर दुसऱ्यात सर्वांत खाली. शेवटी जे सर्वांत जाड आणि छान चित्रांचं होतं, तेच घेतलं. त्यातल्या आज्ञा जुन्या होत्या, चालेनात. मग नावं तेवढी बदलून नवी घातली. संगणकाने एकही चूक दाखवली नाही. सर शाबास म्हणाले. पण काका, मला रात्री झोप येत नाही. भिंत खरंच उभी आहे का? की आहे असं नुसतं वाटतंय?"

वा! सरांनी दिलेली शाबासकी खिशात घालून ही मुलगी आणखी विचार करत बसली. माझ्यातर्फे तिला दुसरी शाबासकी. कारण भिंत नसली तर माणूस निदान जपून राहतो. नसलेली भिंत 'आहे' असं वाटलं, की तो दार उघडं टाकून खुशाल झोपतो.

तर आज फायरवॉल कशी बांधायची हे मी सांगणार नाही. ती बांधायला शिकवणारं गाइड खरं की खोटं, हे कसं ओळखायचं, ते सांगणार आहे. आणि गंमत म्हणजे त्यासाठी तुम्ही संगणकाचे पंडित असायला नको. पाच प्रश्न विचारता आले की झालं!

आधी फायरवॉल म्हणजे काय, ते पटकन पाहू. संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा माहितीचे लहान लहान तुकडे करून पाठवतात. त्या तुकड्याला म्हणतात पॅकेट. आपलं पाकीटच म्हणा ना! पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो आणि आत मजकूर असतो. फायरवॉल म्हणजे गेटवरचे वॉचमनकाका. त्यांच्या हातात नियमांची यादी. पाकीट आलं की काका पत्ते बघतात, यादी बघतात आणि ठरवतात, सोडायचं की नाही.

ही काकांची नोकरी निघाली कशी? १९८८ सालच्या २ नोव्हेंबरला अमेरिकेत एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'मॉरिस वर्म' नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक आडवे झाले. आपल्या दाराशी कुणीतरी उभं पाहिजे, हे त्यानंतर लोकांना चांगलंच पटलं. मग भिंती बांधायचे मोठे ग्रंथ आले. १९९४ मध्ये चेस्विक आणि बेलोविन यांचा, १९९५ मध्ये चॅपमन आणि झ्विकी यांचा. या मंडळींची आठवण ठेवा हं. पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आता आपले पाच प्रश्न.

पहिला प्रश्न : गाइड कुठल्या सालचं, आणि कशासाठी?

समजा, ताईने तीन वर्षांपूर्वी दहावी केली. तिचं गाइड तुम्हाला मिळालं. कोरं करकरीत, एक पान दुमडलेलं नाही! पण मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल, तर त्या गाइडचा उपयोग काय? त्यातलं उत्तर चुकीचं नाही हं. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, इतकंच.

फायरवॉलच्या गाइडांचं अगदी हेच होतं. उदाहरण घ्या लिनक्सचं. आपल्या मैत्रिणीच्या जुन्या संगणकावर लिनक्सच आहे. लिनक्समध्ये वॉचमनकाकांशी बोलायची भाषा आतापर्यंत किती वेळा बदलली माहीत आहे? १९९६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत एक भाषा होती. १९९९ च्या २.२ आवृत्तीत 'आयपीचेन्स' आली. २००१ च्या २.४ आवृत्तीत 'आयपीटेबल्स' आली. आणि २०१४ च्या ३.१३ आवृत्तीपासून 'एनएफटेबल्स' आली. अठरा वर्षांत चार भाषा! कुठलंही गाइड उघडलंत की आधी बघा, तारीख आहे का? कुठल्या आवृत्तीसाठी लिहिलं ते आहे का? ज्याच्यावर साल नाही ते गाइड म्हणजे तारीख पुसलेली औषधाची बाटली. औषध चांगलं असेलही, पण प्यायचं का?

आता तुम्ही म्हणाल, 'काका, जुन्या आज्ञा चालणारच नाहीत, मग धोका कसला?' तसं असतं तर बरं झालं असतं! न चालणारी आज्ञा फार निरुपद्रवी. खरा धोका अर्धवट चालणाऱ्या आज्ञेचा. आणि आपली मैत्रीण नेमकी तिथेच अडकली.

तिचं चाळीस पानी गाइड होतं आयपीचेन्सच्या काळातलं. तिने काय केलं? आयपीचेन्सच्या जागी आयपीटेबल्स लिहिलं. स्मॉल अक्षरांतलं 'इनपुट' कॅपिटल केलं. 'डिनाय' च्या जागी 'ड्रॉप' घातलं. संगणकाने मुकाट्याने सगळं घेतलं. पण मधल्या काळात नावांबरोबर रस्तेही बदलले होते!

कसे ते बघा. वॉचमनकाकांची केबिन गेटापाशी आहे असं समजा. येणारी माणसं दोन प्रकारची. काही खुद्द काकांनाच भेटायला येतात, तर काही गेटातून पुढे मागच्या इमारतीत जातात. आयपीचेन्सच्या काळात दोन्ही प्रकारच्या माणसांना आधी 'इनपुट' नावाच्या दारातूनच यावं लागे. तिथे एक नियम लावला की दोघांनाही लागू. आयपीटेबल्समध्ये वाटा वेगळ्या झाल्या. काकांना भेटायला येणाऱ्यांसाठी 'इनपुट', आणि पुढे जाणाऱ्यांसाठी 'फॉरवर्ड'. पुढे जाणारा माणूस आता 'इनपुट'च्या दाराकडे फिरकतही नाही.

आपल्या मैत्रिणीने 'लॅबमधून ऑफिसच्या संगणकाकडे जाणारं पाकीट अडव' हा नियम लावला 'इनपुट'च्या दारावर. पाकिटं मात्र निघाली होती 'फॉरवर्ड'च्या दाराने. दारावर नियम आहे, काका जागे आहेत, पण त्या दाराने कुणी येतच नाही!

मी तिला लगेच कळवलं. 'सरांना सांग, आणि सरांच्या समोरच लॅबमधल्या संगणकावर बसून ऑफिसचा फोल्डर उघडून बघ.' आठ दिवसांनी उत्तर आलं. पहिलीच ओळ होती, 'काका, उघडला!'

दोस्तांनो, विचार करा. सगळ्या शाळेचे पत्ते आणि फोन नंबर त्या फोल्डरात होते. संगणकाने एकही चूक दाखवली नव्हती. शाबासकीही मिळाली होती. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा : 'चूक दाखवली नाही' याचा अर्थ 'बरोबर आहे' असा होत नाही. आज्ञेचं व्याकरण बरोबर आहे, एवढंच संगणक सांगतो. तुमच्या मनात काय होतं, ते त्याला कुठून कळणार?

दुसरा प्रश्न : यातले वॉचमनकाका यादी कशी वाचतात?

आता ते मोठं भांडण. 'सगळं बंद' ही ओळ वर हवी की खाली? चला, एक छोटं कोडं सोडवू. काकांच्या हातात दोन ओळींची यादी आहे.

एक : निळी टोपीवाल्यांना आत सोडा.
दोन : कुणालाही आत सोडू नका.

निळी टोपी घातलेला मुलगा आला. काय होईल?

तुम्ही म्हणाल, आत जाईल. थांबा! ते काकांच्या सवयीवर आहे. पहिले काका वरून वाचतात आणि जी ओळ लागू पडते तिथेच थांबतात. त्यांनी पहिल्या ओळीवर मुलाला सोडलं. दुसरे काका मात्र यादी शेवटपर्यंत वाचतात आणि लागू पडणारी शेवटची ओळ पाळतात. त्यांनी मुलाला गेटाबाहेरच ठेवलं. यादी तीच, टोपी तीच, निकाल उलटा!

लिनक्सचं आयपीटेबल्स हे पहिले काका. ओपनबीएसडी नावाची एक प्रणाली आहे, तिच्यात २००१ पासून 'पीएफ' नावाची फायरवॉल आहे. ते दुसरे काका. ('क्विक' हा शब्द ओळीत घातला, तर तेही तिथल्या तिथे थांबतात.) म्हणून पीएफच्या गाइडमध्ये 'सगळं बंद' ही ओळ वर असते आणि ज्यांना सोडायचं ते खाली असतात. लिनक्सच्या गाइडमध्ये ज्यांना सोडायचं ते वर, आणि 'बाकी सगळं बंद' खाली. दोन्ही गाइडं खरीच! भांडण नव्हतंच मुळी.

मैत्रिणीचं दुसरं गाइड बारा ओळींचं होतं, पीएफसाठी लिहिलेलं. पण हे त्यात कुठेही सांगितलेलं नव्हतं. तो क्रम उचलून लिनक्समध्ये घातला असता, तर पहिल्याच ओळीला सगळं ठप्प झालं असतं. तेव्हा दोन गाइडांचं पटत नसेल, तर 'कोण खोटं बोलतंय?' असं लगेच विचारू नका. आधी विचारा, 'हे दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का?'

तिसरा प्रश्न : 'का?' याचं उत्तर आहे का?

त्या बारा ओळींच्या गाइडमध्ये एक ओळ होती : 'आयसीएमपी सगळं बंद करा, म्हणजे तुम्ही अदृश्य व्हाल.' वाचायला किती झकास वाटतं! पण का? ते नाही लिहिलेलं. आयसीएमपी म्हणजे संगणकांचे निरोप. 'तू जागा आहेस का?' हा पिंगचा निरोप त्यातलाच. पण त्यातलाच आणखी एक निरोप असा : 'तुझं पाकीट फार मोठं आहे, माझ्या वाटेत मावत नाही, लहान करून पाठव.' हा निरोपही अडवलात तर काय होईल? लहान पानं उघडतील, मोठी मधेच लटकतील आणि कारण सापडता सापडणार नाही. ज्या गाइडने 'का' लिहिलं असतं, त्याला लिहिता लिहिताच ही अडचण दिसली असती.

आणि 'का' माहीत असण्याचा दुसरा फायदा. आज्ञा शिळ्या होतात, कारणं शिळी होत नाहीत. मघाचे ते १९९५ चे चॅपमन आणि झ्विकी आठवतात ना? त्यांच्या ग्रंथातल्या आज्ञा आज कुणी वापरणार नाही. पण त्यांनी सांगितलेली तत्त्वं बघा. प्रत्येकाला कामापुरतीच मोकळीक द्या. येणारे-जाणारे सगळे एकाच अरुंद वाटेने न्या, म्हणजे लक्ष ठेवता येतं. (पावनखिंडीत थोडक्या मावळ्यांनी केवढी फौज रोखून धरली, ते आठवा!) साखळीतली कच्ची कडी शोधा. आणि बांधणी साधी ठेवा, म्हणजे चूक लपत नाही. यातलं एक तरी जुनं झालंय का? म्हणजे जुनं गाइड फेकून द्यायचं नसतं. त्यातली कारणं वाचायची आणि आज्ञा नव्या गाइडातून घ्यायच्या.

'पण काका, लिहिणारा मोठा माणूस असेल तर डोळे मिटून विश्वास ठेवायला काय हरकत आहे?' हरकत आहे! ऐका. इंटरनेटचे नियम 'आरएफसी' नावाच्या कागदपत्रांत लिहिलेले असतात. त्यातल्या ३५१४ क्रमांकाच्या आरएफसीत लिहिलंय, की प्रत्येक पाकिटावर एक न वापरलेली खूण शिल्लक आहे. दुष्ट हेतूने पाकीट पाठवणाऱ्याने त्या जागी १ लिहावा, चांगल्या माणसाने ० लिहावा. मग फायरवॉलने १ वाली पाकिटं टाकून द्यावीत. संपलं काम! लिहिणारे कोण? स्टीव्हन बेलोविन. हो, १९९४ च्या ग्रंथाचे तेच बेलोविन. एवढे मोठे तज्ज्ञ आणि एवढा अधिकृत कागद!

आता जरा डोकं खाजवा. चोर कधी स्वतःच्या कपाळावर 'मी चोर' असं लिहून येईल का? अहो, त्या कागदावरची तारीख तर वाचा : १ एप्रिल २००३! एप्रिल फूल! बेलोविनसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने सगळ्यांची फिरकी घेतली होती. नाव खरं, कागद खरा, भाषा अगदी रुबाबदार. तरीही 'का?' विचारलं की मजकूर हसायला लागतो. तारीख आणि कारण, दोन्ही बघितल्याशिवाय विश्वास नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं म्हणा ना.

चौथा प्रश्न : 'यात हे नाही' असं गाइड कबूल करतं का?

रायगडची हिरकणी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, पहारेकरी नियमाला पक्के. पण घरी तान्हं बाळ! हिरकणी कड्यावरून उतरून गेली. मग महाराजांनी काय केलं, असं सांगतात? दरवाजा आणखी मजबूत केला नाही. जिथून ती उतरली, तिथे बुरूज बांधला. दरवाजात खोट नव्हतीच. कड्याकडे कुणी लक्ष दिलेलं नव्हतं.

फायरवॉललाही असा एक कडा आहे. इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४. तिच्यात साधारण ४२९ कोटी पत्ते. ते पुरेनात. सगळ्या जगाला वाटून देणाऱ्या मध्यवर्ती साठ्यातला शेवटचा वाटा २०११ च्या फेब्रुवारीत संपला. नवी पद्धत आयपीव्ही६, तिच्यातल्या पत्त्यांची संख्या लिहायला ३९ आकडे लागतात! आज बऱ्याच संगणकांना दोन्ही पत्ते असतात. गोम अशी, की 'आयपीटेबल्स' ही आज्ञा फक्त आयपीव्ही४ च्या दारावर लक्ष ठेवते. आयपीव्ही६ साठी 'आयपी६टेबल्स' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती विसरलात, तर दरवाजा बंद आणि कडा मोकळा. आणि हे आपल्यासाठी जास्तच महत्त्वाचं, कारण आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. दुसऱ्या देशात कुणी वीस वर्षांपूर्वी गाइड लिहिलं असेल, तर तेव्हा त्याच्या गडाला हा कडाच नव्हता. आपल्या गडाला आहे!

आता मैत्रिणीचं तिसरं गाइड. सहा पानं, एकही चित्र नाही, दिसायला अगदी रुक्ष. म्हणून तिने ते बाजूला टाकलेलं. पण मी वाचलं तेव्हा पहिल्याच पानावर होतं : अमुक साली लिहिलं, अमुक आवृत्तीवर तपासलं. पुढे होतं : हे नियम फक्त आयपीव्ही४ साठी आहेत, आयपीव्ही६ चे वेगळे लिहा. आणि : पेन ड्राइव्हमधून येणारा व्हायरस याने थांबणार नाही. वा! 'मला एवढंच येतं' असं सांगणारं गाइड. 'हे करा आणि शंभर टक्के सुरक्षित व्हा' म्हणणाऱ्यापेक्षा मी याच्यावर दसपट विश्वास ठेवीन. लिहिणाऱ्याने कड्यापर्यंत जाऊन खाली वाकून बघितलंय, हे त्यावरून कळतं.

आणखी एक छोटी खूण सांगतो. त्या गाइडमध्ये उदाहरणासाठी जे पत्ते घेतले होते, ते १९२.०.२ ने सुरू होणारे होते. हे पत्ते पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. कुणी चुकून जसेच्या तसे उतरवले, तरी खऱ्या कुणाच्या दारावर जाऊन थडकत नाहीत. म्हणजे लिहिणाऱ्याने चुकणाऱ्या वाचकाचाही विचार केलेला आहे!

पाचवा प्रश्न : तपासायचं कसं आणि परत फिरायचं कसं?

इथे तुमच्या काकांची फजिती सांगतो. हसू नका! बऱ्याच वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान वाचनालयाचा संगणक मी पुण्यात घरी बसून सांभाळत असे. एका शनिवारी रात्री एका गाइडमध्ये बघून मी फायरवॉल बांधायला घेतली. पहिली आज्ञा होती : 'येणारं सगळं बंद करा.' दुसरी : 'आता स्वतःसाठी वाट उघडा.' मी पहिली दिली. झालं! माझ्या आज्ञाही बाहेरूनच जात होत्या ना? दुसरी आज्ञा पोचणार कशी? स्वतःच्या हाताने स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं.

रविवारी वाचनालय बंद. सोमवारी पहाटे स्वारगेटला जाऊन पहिली एसटी पकडली. वाचनालयाच्या बाईंना सगळी हकिगत सांगितली. त्या दिवशी मुलांच्या पुस्तकांची नोंद संगणकावर होऊ शकत नव्हती, दारात रांग लागलेली. मी घामाघूम होऊन संगणकापाशी बसलो, गडबडीत तो बंद करून पुन्हा चालू केला, आणि काय आश्चर्य! सगळं पूर्ववत. तेव्हा कळलं, की आयपीटेबल्सचे नियम मुद्दाम साठवून ठेवले नाहीत, तर संगणक बंद होताच पुसले जातात. बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी एसटीने आलात? फोन केला असतात तर बटण मीच दाबलं असतं!"

गाइडात दोन ओळी कमी होत्या, त्याची ही शिक्षा. चांगलं गाइड आधी सांगतं, की स्वतःची वाट आधी उघडा, मग बाकीचं बंद करा. ते सांगतं, की काही मिनिटांत 'सगळं ठीक' असं तुम्ही कळवलं नाहीत, तर जुने नियम आपोआप परत येतील अशी सोय करून ठेवा. नियम कायमचे कसे ठेवायचे आणि कसे काढायचे, तेही सांगतं. आणि सर्वांत शेवटी सांगतं, 'आता चोर जिथे उभा राहील, तिथे जाऊन बघा.' आपल्या मैत्रिणीने आधीही तपासलं होतं बरं का. पण तिने फायरवॉलच्याच संगणकाचं दार ठोठावून पाहिलं होतं. ते बंद होतं. ऑफिसचं दार तिने ठोठावलंच नव्हतं! ज्याचं रक्षण करायचं, त्याचंच दार वाजवून बघायचं असतं.

मात्र एक गोष्ट अगदी कान पकडून सांगतो. दार वाजवायचं ते फक्त आपलं, आणि ज्याचं असेल त्याला विचारून. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय डोकावणं हा भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच मी तिला 'सरांच्या समोर' म्हटलं.

आजकाल काय होतं, मोबाइलवर विचारलं, की कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस दोन सेकंदांत गाइड लिहून देतो. छानच आहे! पण त्याने जुन्या-नव्या सगळ्या गाइडांचं वाचन केलेलं असतं. तो कधी कधी १९९९ ची वाट आणि २०१४ ची भाषा एकाच कढईत परततो, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. त्यालाही हेच पाच प्रश्न. सूट कुणालाच नाही!

बरं, मैत्रिणीचं पुढे काय झालं? तिने ते रुक्ष सहा पानी गाइड घेतलं. नियम 'फॉरवर्ड'च्या दारावर लावले. आयपीव्ही६ चा कडाही बंद केला. मग सरांना शेजारी बसवून लॅबच्या दहाही संगणकांवरून ऑफिसचा फोल्डर उघडून पाहिला. एकदाही उघडला नाही. शिवाय तिने एक वही घातली आहे. कुठल्या तारखेला कुठला नियम लावला, का लावला, आणि तो कसा तपासला. म्हणजे आता चौथं गाइड तिचं स्वतःचं! पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल आणि लॅब दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाईल, तेव्हा त्या मुलाला पत्र लिहून मला विचारावं लागणार नाही. पत्राच्या शेवटी लिहिलंय, 'आता झोप येते.'

आईबाबांसाठी दोन शब्द : तुमच्या घरच्या वाय-फायच्या डबीतही एक लहानशी फायरवॉल असते. तिच्यावर हेच प्रश्न एका रविवारी मुलांबरोबर बसून सोडवा. डबी किती सालची आहे? कंपनी तिच्यासाठी अजून सुधारणा पाठवते का? कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला का? मुलांनी 'हे कशावरून?' असं विचारलं, तर कृपा करून रागावू नका. नेमकी हीच सवय लागायला हवी आहे.

आणि दोस्तांनो, तुमचा गृहपाठ. घरातलं कुठलंही माहितीपुस्तक घ्या. मिक्सरचं, कुकरचं, नाहीतर सायकलचं. त्याला आपले पाच प्रश्न विचारा. कुठल्या सालचं आणि कुठल्या मॉडेलचं? कुठल्या यंत्राबद्दल बोलतंय, आपल्याच ना? 'का' सांगितलंय का? काय येत नाही ते कबूल केलंय का? तपासायचं आणि परत फिरायचं कसं, ते दिलंय का? पाचपैकी किती गुण मिळाले, ते कारणांसकट लिहून पाठवा. नुसते गुण नकोत हं, कारणं हवीत!

आणि हो, मीही आज तुम्हाला एक गाइडच दिलंय की! मग? याच्यावर तरी डोळे मिटून विश्वास का ठेवायचा? विचारा यालाही पाच प्रश्न. कुठे कमी पडलो ते सापडलं, तर ते पत्र मी सर्वांत आधी वाचीन.

तुमचा,
संगणककाका